दशांशानंतर तीन घरं

मस्कतच्या विमानतळावर, काचेपलीकडून
मुनीर अल-बलुशी नावाचा मुलगा
मला गाडी समजावून सांगत होता, म्हणजे कागद.
दिवसाला नऊ रियाल, हे फलकावरचं.
त्यावर कर. विमानतळाचा अधिभार.
विमा आहे, पण नुकसानीतले पहिले दीडशे रियाल तुमचे.
टायर विम्यात नाही. काच नाही.
वाळूत घातलीत तर काहीच नाही.
रोज दोनशे किलोमीटर, पुढे दर किलोमीटरला पन्नास बैसे.

मिरज आगाराच्या हिशोब शाखेत
मी एकोणतीस वर्षं काढली.
वजाबाकी आधी सांगणारी माणसं मला आवडतात.
आणि रियालाचे बैसे हजार!
दशांशानंतर तीन घरं.
दोन घरांत जन्म गेलेल्या बाईला
कुणीतरी जादा खोली उघडून दाखवावी, तसं झालं.

मग तो म्हणाला, कार्ड मॅडमचं, लायसन साहेबांचं,
दोन्ही एकाच माणसाचं लागतं.
लग्नाला अडतीस वर्षं झाली, हे सांगून उपयोग नव्हता.
रोख ठेवा मग, दीडशे.
हॉटेलचं पाकीट फोडलं.
त्यानं कार्बन घालून पावती केली, नाव वाचलं: दी-गम-बार.
यांनी हात वर केला, हजेरीला करतात तसा.

गाडीभोवती मी तीन प्रदक्षिणा घातल्या,
प्रत्येक जुन्या ओरखड्याचा फोटो.
हे किल्ली घेऊन गप्प उभे.
तीस वर्षं लाल गाडी चालवलेला माणूस
पांढऱ्या, चिमुकल्या गाडीसमोर
नवरदेवासारखा अवघडलेला.

स्टिअरिंग डावीकडे, रस्ता उजवीकडून.
वळायचा दिवा लावायला गेले की वायपर सुरू.
कोरड्या ठणठणीत उन्हात, कोरड्या काचेवर
खर्र, खर्र.
एकशेवीसच्या वर गेलात तर गाडी घंटी वाजवते,
मुनीरनं बजावलं होतं.
ती घंटी आम्ही शेवटपर्यंत ऐकली नाही.

यांच्या एसटीत मी सगळी मिळून चारदा बसले,
राखीव आसनावर, पुढ्यात पाटी:
चालकाशी बोलू नये.
नियम पाळणारं घर आमचं.
इथे पाटी नव्हती. एका बाजूला समुद्र,
एका बाजूला भाजलेले डोंगर,
आणि कुरियात मागे टाकल्यावर
हे आपण होऊन बोलायला लागले.

अंबा घाट. साखरप्याच्या अलीकडे.
रात्रीची रत्नागिरी, बेचाळीस माणसं आत,
निम्मी झोपलेली.
पाय दाबला तर ब्रेक नुसता खाली गेला.
गिअर पाडत, डोंगराला घासत
मातीच्या ढिगात थांबवली.
कंडक्टरनं आणि मी ठरवलं,
कुणाला सांगायचं नाही. तुला तर नाहीच.

मला तो दिवस आठवला.
ठरलेल्या वेळेपेक्षा अडीच तास उशीर.
नोंदवहीत माझ्याच हातानं, निळ्या शाईनं
लिहिलं होतं मी: विलंब. कारण, पंक्चर.
आणि डबा खाल्ला होता.

तिवीचा फाटा कधी मागे पडला, कळलं नाही.
बत्तीस किलोमीटर पुढे जाऊन एका पंपावर थांबलो,
चहा घेतला, वेलची जास्त झालेला,
आणि उलटे फिरलो.

चौथ्या दिवशी मुनीरनं गाडी तपासली,
वाकून, चाकांखाली मोबाइलचा उजेड टाकून.
नवा ओरखडा नाही.
धुलाई दोन रियाल.
जादा चौसष्ट किलोमीटर, तीन रियाल दोनशे.
परत एकशे चव्वेचाळीस रियाल आठशे बैसे.
मी मोजून पाहिले. चोख.
रस्ता चुकलात का, त्यानं विचारलं.
हे म्हणाले, हो.
मी म्हणाले, नाही.

विमानात वही काढली.
तीन रियाल दोनशे कुठल्या सदरात टाकावेत?
इंधन नव्हे, भाडं नव्हे, दंड तर नव्हेच.
रकाना आखला, कारण लिहिलं,
पुढे पेन अडलं.
हे डोकावून म्हणाले,
लिही, पंक्चर.