पाचोरा–जामनेर, आवृत्ती चौथी

पहिली आवृत्ती जळगावहून आली, एका सीडीवर.
कव्हर नाही, मार्करनं नुसतं ‘रेल्वे’ लिहिलेलं.
आत कुठल्यातरी थंड देशाचे डोंगर,
आणि झाडं म्हणजे पुठ्ठे. गाडी पुढे सरकली
की तेही वळत, पाठ दिसू नये म्हणून.

स्टेशन रोडवर माझा क्लास, तीन मशीनचा.
एक टायपिंगला, एक कायमचं बिघडलेलं,
तिसऱ्यापाशी सुभान तडवी, आमच्या पीजेचे ड्रायव्हर,
मुलीचा फॉर्म भरायला आले ते उभेच राहिले.
‘हाई गाडी नही माय, हाई चित्र शे.
वजन कोठे शे हिले?’

दुसरीत वजन आलं, थोडंसं.
ब्रेक लावला की डबे मागून ढकलू लागले,
कपलिंगचा खटका स्पीकर फाडून बाहेर.
तिसरीत काचेवर थेंब, वायपर,
रात्रीच्या रुळांवर सिग्नलचा लाल ओघळ.
तडवी म्हणाले, थेंब ठीक. पण मे महिना कुठाय?
शेंदुर्णीच्या अलीकडे रूळ तापून
पाण्यासारखे हलतात, ते?
ते कुठल्याच आवृत्तीत नव्हतं.
अजून नाही.

चौथीबरोबर रूळ टाकायचं अवजार मिळालं
आणि मी दोन वर्षं कामातून गेले.
पाचोरा, वरखेडी, पिंपळगाव.
अडीच फुटी रूळ यादीत नव्हता, मोठा कापून अरुंद केला.
केळी नव्हती: ताडाची पानं फाडली, बुंधा ठेंगणा केला.
कपाशीला कुठल्यातरी परक्या फुलांचं शेत घेतलं,
पिवळं पुसलं, पांढरं ठेवलं.
पहूरच्या फलाटावरचा लिंब मात्र
फोटो काढून, पान पान कापून लावला.
क्लासला पोरं कमी झाली त्या काळात.

मग तडवींना बसवलं.
कीबोर्डवर त्यांचे हात चुलीवरच्या भांड्यासारखे, लांबून लांबून.
ब्रेक कुठला ते तीनदा विचारलं,
त्यानंतर काही विचारलं नाही.
शेंदुर्णी सोडली. पहूरच्या आधी, मोकळ्या रानात,
जिथं मी काहीच बांधलं नव्हतं, गाडी थांबवली.
‘इथं स्टेशन नाही काका.’
‘आठे थांबनं पडस. म्हशी जातीस.’
पडद्यावर रान रिकामं. आम्ही दोघं बघत बसलो.
मिनिटभरानं त्यांनी गाडी सोडली, शिट्टी देऊन.

जामनेरला खेळानं हिशोब दाखवला:
वेळापत्रकाबाहेर थांबा, दहा गुण वजा.
काय लिहिलंय, त्यांनी विचारलं. सांगितलं.
‘मंग बराबर शे. साहेबबी कापे.’

पाचवीत ढगांच्या सावल्या जमिनीवरून धावतात,
ड्रायव्हरच्या मनगटावर घड्याळ दिसतं, चालतं.
भाच्यानं कौतुकानं घालून दिली.
मी माझा मार्ग उघडायला गेले तर चौकट आली:
फाईल जुनी आहे, चालणार नाही.
पुन्हा दाबलं. पुन्हा तेच,
त्याच सभ्य अक्षरांत.
त्याच सुमारास गाडीही बंद झाली होती,
आणि वरखेडीकडे रुळांवर
गोखरू इतकं माजलं होतं
की शेरड्यासुद्धा वळसा घालून जात.

म्हणून कोपऱ्यातलं ते एक मशीन मी कुणाला देत नाही.
इंटरनेटची वायर काढून ठेवलीय,
चुकून सुधारू नये म्हणून.
पंखा घरघरतो, सुरू व्हायला चहा होईस्तोवर लागतं,
तडवी त्याला ‘इंजिन गरम व्हायना’ म्हणतात.
हल्ली मुलगी सोडून जाते त्यांना, शनिवारी.

म्हशी मी नंतर घातल्या. अकरा.
त्यातली एक रुळांच्या मधोमध उभी राहते,
हलतच नाही, काही केल्या.
चूक माझीच, कुठंतरी एक आकडा राहिलाय.
काढते म्हटलं तर त्यांनी माझा हात धरला.
‘राहू दे माय.
एक तशीच व्हती.’