बर्फाच्या पावतीमागे

देवगड बंदरात, बर्फाच्या कारखान्यात
मी लाद्या मोजतो आणि पावत्या फाडतो.
काट्याच्या वर एक फळी आहे,
तिच्यावर चाळीसेक पुस्तकं, खाऱ्या हवेनं
सगळी किंचित फुगलेली.
लाँच आठ दिवसांसाठी निघते तेव्हा
बर्फ, डिझेल, तांदूळ,
आणि कोणी मागितलंच तर एक पुस्तक.
अनामत नाही. परत आल्यावर फक्त सांगायचं,
कसं होतं.

रघुवीर तांडेल कादंबरी परत देताना
आधी काट्यावर ठेवतो, मासळीसारखी.
"लिवणाऱ्यान समुद्र बगलेलो नाय.
पुनवेच्या भर दुपारी सुकती लिवल्यान!
थंयच मिटलंय मी पुस्तक."
"अरे, पण पुढे ती बाई..."
"बाई बरी आसा. पण सुकती?"

मी पावतीमागे लिहितो: पान ५४, ओहोटी चुकली.
ती पावती मग पुस्तकातच राहते,
बुडत्या खडकावर रोवलेल्या काठीसारखी,
मागून येणाऱ्याला दिसावी म्हणून.

इनास फर्नांडिस रहस्यकथा शेवटाकडून वाचतो.
खुनी ठाऊक असला, म्हणतो,
की निवांत बघता येतं
तो चहा कसा पितो.

चंद्रभागा सारंग लिलाव आटोपून येते,
टोपली उंबऱ्याबाहेर ठेवते,
ओल्या हातांनी पुस्तक धरत नाही,
मलाच पानं उलटायला लावते.
"नवरो मेलो, बायल रडली, समजला.
पण कर्ज कोणी फेडल्यान? ताच नाय."
तिच्यासाठी मी हिशेब पुरा करणारी पुस्तकं शोधत असतो.
फार नाहीत.

पराडकर मास्तर सुचवतात ती
फळीवर कोरडीच राहतात.

गेल्या मोसमात रघुवीरचा चष्मा पाण्यात गेला.
लाँचवर वाचता येणारा उरला एकटा टेकबहादुर,
जाळं ओढायला नेपाळातून आलेला.
अक्षरं त्याची नि आमची एकच,
भाषा डोंगरापलीकडची.
तो दिव्याखाली मोठ्यानं वाचायचा, न कळता.
ज्यांना कळायचं, त्यांना वाचता येत नव्हतं.
सगळे मिळून एक वाचक होत होता,
वीस वाव पाण्यावर.

परतल्यावर मी त्यालाही विचारलं, रीत म्हणून.
तो जरा लाजला. मग म्हणाला,
"इसमें 'पण' बहुत है।"

मी हसलो.
रात्री तेच पुस्तक घेऊन बसलो.
तो निघणार होता, पण.
तिनं दार उघडलं, पण.
दोनशे पानं, आणि कुणीच काही केलेलं नव्हतं.
मी ते दोनदा वाचलं होतं, चार जणांना सुचवलं होतं,
आणि हे मला दिसलं नव्हतं,
कारण मला अर्थ कळत होता.

परवा लाँच निघाली तेव्हा
फळीवरचं त्यांचं सगळं वाचून झालेलं.
मी माझंच दिलं, अर्धं राहिलेलं,
पान एकशे अठ्ठ्याऐंशीवर पावती घालून.
"माझी खूण हलवू नका."

आठव्या दिवशी आलं. खूण जागच्या जागी.
पुढे, दोनशे एकेचाळीसवर, दुसरी एक:
तांबोशीचा खवला, वाळून काचेसारखा.

"पुढचं सांगू नको," मी रघुवीरला आधीच बजावलं.
तो बर्फाकडे बघत राहिला.
टेकबहादुरनं खवल्यावर बोट ठेवलं.
"यहाँ सब चुप थे।
मेरे को बोले, फिर से पढ़।
तीन बार पढ़ा।"
"काय आहे तिथं?"
त्यानं खांदे उडवले. त्याला काय माहीत.

त्या दिवशी लाद्या मोजताना एक चुकली.
पुस्तक आता माझ्याकडे आहे.
एकशे त्र्याण्णववर पोचलोय.
सावकाश जातोय.