हात वर

मार्चचा दुसरा सोमवार. शाळेच्या जिममध्ये
घडीच्या खुर्च्या, बुटांखाली वितळलेल्या बर्फाचा चिखल,
मागच्या टेबलावर चर्चच्या बायकांनी आणलेले
बीन्स आणि मक्याचा पाव.
मेनच्या उत्तर टोकाला, कॅनडाला खेटून आमचं गाव.
वार्षिक सभा. हजर मतदार एकाहत्तर.

कलम सतरा: बर्फ काढायच्या गाडीला नवं पातं.
किंमत अकरा हजार डॉलर.
यावर आम्ही दीड तास भांडलो.
जुनं पातं आणखी एक हिवाळा काढेल, पेल्की म्हणाला.
काढेल, पण आपल्या कुंपणासकट, त्याची बायको म्हणाली.
हशा. मग हात वर.
विनिफ्रेडनं पेन्सिलीच्या टोकानं एकेक हात मोजला,
आणि खात्रीसाठी
पुन्हा मोजला.

मी एकतीस वर्षं पूल तपासले, कौंटीच्या नोकरीत.
दोराला लटकून हातोडीनं रिव्हेट वाजवायचे.
धड असेल तो खणखणीत बोलतो,
सैल झालेला बद्द.
मडकं घेताना वाजवून घेतात, तसंच.

गेल्या गुरुवारी टीव्हीवर एक पूल पाहिला.
वरून घेतलेलं, राखाडी, मुकं चित्र.
मधोमध फुली. मग पडदा पांढरा
आणि लगेच हवामान.
निवेदक म्हणाला, लक्ष्य.
मी म्हणाले, सहा गाळे, पोलादी, पन्नासच्या दशकातलं काम,
तिसऱ्या खांबाला मागाहून घातलेला टेकू.
म्हणजे तिथेही कुणीतरी
दोराला धरून खाली उतरत असणार,
कमरेला हातोडी, वाऱ्याला शिव्या घालत,
आणि घरी जाऊन सांगत असणार, टेकू घाला म्हणून
चार वर्षं ओरडतोय, आता कुठे घातला.

हे युद्ध नाही म्हणे. मर्यादित कारवाई आहे.
गेल्या खेपेला शांतता राखायला गेलो होतो,
त्याआधी लोकशाही द्यायला.
दुसऱ्याच्या दारावर थाप मारायला
दर वेळी नवा शब्द लागतो. बूट तेच.

मी भाबडी नाही. तिथला तो सत्ताधीश
स्वतःचीच माणसं खातो, मला ठाऊक आहे.
पण नालायकाच्या पुलावरून
नालायक एकटाच जात नाही.

आणि मी धुतल्या तांदळासारखीही नाही.
त्या वेळी पोर्चच्या खांबाला पिवळी फीत बांधली होती मीच,
दुहेरी गाठ मारून.
भाचा कोल्बी गेला. परत आला.
त्याला आता फ्रिजची घरघर सोसत नाही.
दूध बाहेर, पायरीवर ठेवतो.
उन्हाळ्यात कोरी कॉफी पितो.

आमच्या प्रतिनिधीला पत्र लिहिलं, तीन पानी.
उत्तर आलं, छापील, खाली निळी सही:
मासेमारीविषयीची आपली कळकळ पोचली.

म्हणून 'इतर विषय' आला तशी मी उभी राहिले.
म्हटलं, पात्याचं विचारलंत. पुलाचं कुणी विचारलं का?
अध्यक्ष ऑर्विल, भला माणूस,
म्हणाला, लोरेटा, ते काही आपल्या हातात नाही.
हात वर करण्याचे दोन अर्थ असतात, ऑर्विल.
एक आपण आत्ता केला,
दुसरा वीस वर्षं करतोय.

कुणी खोकलं. मागून कुणी म्हणालं, बस खाली.
आवाज ओळखीचा.
गेल्याच महिन्यात त्यानं माझ्या दारातला बर्फ
फुकट काढून दिला होता.

शेवटी ठरलं, मत नको, नुसती नोंद घ्या.
विनिफ्रेडनं पेन्सिल जिभेला लावली.
पूल कुठल्या नदीवरचा? नाव सांग.
मी गप्प.
तिनं चष्म्यावरून सगळ्या जिमकडे पाहिलं.
एकाहत्तर माणसं.
एकही हात वर नाही.

तिनं तेवढी जागा कोरी सोडली
आणि पुढे लिहिलं:
सभा नऊ वाजून दहा मिनिटांनी संपली.

उरलेले बीन्स पेल्कीनं नेले.