नानांची बादली

रात्री दोन वाजता नानांच्या उजव्या पायाचा अंगठा
जागा झाला.
चादरीची सुरकुतीसुद्धा सोसेना.
पंखा बंद कर, म्हणाले, वारा टोचतो.

डॉक्टरांनी बजावलं होतं : तुरीची डाळ बंद, राजमा बंद,
आणि सराफ्यात रात्री उभं राहून जे काही खाता
ते तर मला सांगूही नका.
नाना म्हणाले, मग इंदूरात राहायचं कशाला?

मी खंडवा रोडच्या प्रयोगशाळेत असते.
सांवेरहून, हातोदहून, देपालपूरहून सोयाबीनची रोपं येतात
ओल्या गोणपाटात गुंडाळून.
देठ ठेचायचे, रस गाळायचा, नळी उकळत्या पाण्यात धरायची,
दोन थेंब याचे, दोन त्याचे,
आणि रस गुलाबी होतो.
किती गुलाबी, ते यंत्र सांगतं.
त्याचाच मला पगार.

म्हणून मला माहीत आहे त्या अंगठ्यात काय आहे.
सुया.
पेशी मरते, तिची बाराखडी सुटी होते,
चार अक्षरांतली दोन नत्राने जड,
ती फोडत, सोलत देह युरिक आम्लापर्यंत येतो
आणि तिथे बसकण मारतो.
पुढच्या दाराची किल्ली आपल्याकडे नाही.
होती.
माणूस माणूस होण्याच्या कितीतरी आधी
कुठल्याशा फांदीवरून पडली.
मोडका तुकडा अजून आपण सगळे बाळगतो,
कुठल्याच कुलपात तो फिरत नाही.

सोयाबीनच्या मुळांना गाठी असतात.
नखाने फोडली की आत लाल,
रक्ताच्या नात्यातला लाल.
तिथले भाडेकरू जिवाणू हवेतून नत्र ओढतात,
भाडं म्हणून झाडाला देतात,
आणि झाड त्याचं काय करतं?
हेच. नानांच्या अंगठ्यातलं, हुबेहूब.
फक्त तिथे थांबत नाही.
एकच पाऊल टाकतं पुढे
आणि सुई पाण्यात विरते,
देठातून चढते, पानात उकलते,
शेंगेत दाणा होऊन बसते.
जो नानांनी खायचा नाही.

गच्चीवर शेजारच्या लघाट्यांची कबुतरं.
त्यांचं ते पांढरं, कठड्यावर वाळलेलं,
तेही हेच, नाना. मीच एकदा सांगून बसले जेवताना.
तेव्हापासून ते खरवडतात,
डिस्टेंपरच्या जुन्या बादलीत भरतात,
त्यावर माती, कडुनिंबाचा पाला, चहाचा चोथा, परत माती.
चौथ्या दिवशी डोळ्यांत पाणी आणणारा वास,
लघाटेकाकू जिन्यात उभ्या राहून हिंदीत बोलल्या.
मग वास उतरला.
दिसत नव्हतं कुणीच, तरी आत कुणीतरी
रात्रपाळी करत होतं,
एकाचं उष्टं दुसऱ्याचं ताट.
चाळिसाव्या दिवशी बादलीत नुसती काळी माती,
हातात घेतली तर थंड.
त्यात नानांनी मेथी पेरली.

आज पहाटे अंथरूण रिकामं.
वर गेले तर नाना मोड्यावर बसलेले,
पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला,
उजवा पाय घोट्यापर्यंत
नव्या बादलीत.
मेथीची नव्हे, दुसरी, नुकतीच लावलेली.

त्यांना जमतं ना, म्हणाले.
मग माझंही घेऊ देत करायला.

कातडीतून काही जात नाही.
तो जंतू, ती किल्ली, हा रक्तप्रवाह,
सगळं मला फळ्यावर काढून दाखवता आलं असतं.
मी कठड्याला टेकून उभी राहिले.
गार वाटतंय? विचारलं.
हो.

मग पायाची बोटं मातीत जराशी हलवून,
माझ्याकडे न बघता :
किती दिवस लागतात गं, सगळं मिळून?

याची दोन उत्तरं होती.
मी बादलीचं दिलं.
चाळीस, म्हटलं.
बरं, म्हणाले, आणि खुरपं मागितलं,
कारण कठड्यावर पुन्हा
एक कबुतर येऊन बसलं होतं.