परीघ

आधी हत्ती. दार उघडलं की तोच आडवा येतो.
मांडीचं एकटं हाड माझ्या कमरेएवढं,
सर्कशीतून आलेलं. छत्तीस साली की सेहेचाळीस,
रजिस्टरचं ते पान वाळवीनं आधी वाचलं.

खांब. वजन वरून खाली सरळ उतरायचं,
त्याला वळण कशाला?
हत्ती उडी मारत नाही.
मारलीच, तर एकदाच मारेल.

"टेप मधोमध धरा, बाई.
नळी सगळ्यात बारीक असते, तिथं."
तानू घाडी. तीस वर्षं या परळच्या खोलीत
हाडं उकळतात, चरबी सोडवतात, तारेनं सांगाडे बांधतात,
डोळे मिटून अंगठा फिरवतात नि सांगतात,
म्हैस. खेचर. हे वासरू,
टोकं अजून सुटी आहेत बघा, वाढायचं राहून गेलं.

माझं काम बेरजेचं.
दंडाचा परीघ, मांडीचा परीघ,
सूत्रात घालायचे, आणि कागदावर
गेलेलं जनावर परत वजनाला उभं राहतं,
किलोत, दोन दशांश स्थळांपर्यंत.

चिचुंद्रीपुढे टेप हरली.
उदबत्तीच्या काडीहून बारीक मांडी
चिमट्यात धरून, श्वास रोखून मोजली.
हिलाच फुगवून हत्तीएवढी केली तर?
पहिल्या पावलाला मोडेल.
उंची दुप्पट झाली की वजन आठपट होतं,
हाडाचा छेद मात्र चौपटच.
"आमच्या घरासारखं," तानू म्हणाले,
"तोंडं आठपट, पगार चौपट."
म्हणून थोरांची हाडं जाड, आणि पाय ताठ.
गुडघे मोडून, वाकून चालणं
लहानांनाच परवडतं.

व्हिक्टोरियाचा घोडा: प्रत्येक पायाला एकच बोट,
त्या बोटाच्या नखावर सगळी दौड.
शेजारची दोन बोटं सुकून काड्या झालेली,
आणि आतल्या अंगाला नळीवर एक गाठ.
ती घोड्याच्या जातीची नव्हे. ती डांबराची.

खवल्या मांजराचं कोपर मागे लांब निघालेलं,
पहारीच्या दांड्यासारखं. उकरणाऱ्याला तरफ लागते.
वटवाघळाची बोटं म्हणजे छत्रीच्या काड्या.
वरळीला किनाऱ्यावर लागलेल्या डॉल्फिनचा दंड
माझ्या मुठीत मावला, चपटा, बोथट.
त्याच्यापुढे मी 'सूत्र लागू नाही' असं लिहिलं.
त्याचं वजन आयुष्यभर पाण्यानंच उचललं होतं.

दुपारी डब्याच्या पिशवीतून तानूंनी
केईएमचं तपकिरी पाकीट काढलं,
एक्स-रे खिडकीच्या काचेला लावला.
मागे नव्या टॉवरची क्रेन,
तिच्यावर पांढरी, तानूंची उजवी मांडी.
"सांगा, किती किलो?"

मी म्हटलं, सूत्र चार पायांच्यांसाठी आहे,
आणि फिल्मवर परीघ दिसत नाही, नुसती रुंदी दिसते.
"मग अंदाजानं सांगा. मी नाही का सांगत?"

खुब्याचा सांधा झिजलेला. खाली मात्र
नळीची भिंत दोन्ही बाजूंनी दाट,
एखाद्या धिप्पाड माणसाची असावी तशी.
पंच्याऐंशी, मी म्हटलं.
ते हसले. काट्यावर एक्कावन्न भरतात.

मग आठवून म्हणाले, तळमजल्यात पाणी शिरलं त्या वर्षी
हा हत्ती वर नेला, दोन जिने,
एकेक पाय, खांद्यावरून.
गवा, उंट, सगळ्यांनाच नेलं.
शिपाई रजेवर होता.

हाडाला काय कळतं, भार आपला की परका.
पडेल तेवढा ते लिहून ठेवतं.

मी वहीत काहीच लिहिलं नाही.
तानूंनी फिल्म पाकिटात सरकवली, हात धुतले,
टेपचं टोक माझ्याकडे फेकलं.
"चला. गव्याचा पुढचा डावा राहिलाय."