पावती

जिनिंगवाल्या शेठनं क्लब विकला,
घेणाऱ्यानं मैदानाला कुलूप घातलं,
तिसराच म्हणतो, कागद माझ्या नावावर.
आम्ही भुसावळचे; पोट धरून हसलो.

मग अमळनेरला गेलो.
बोरीच्या कोरड्या पात्रात सामना,
त्यांच्या जर्सीवर शेठच्या सरकी-तेलाचं नाव
चिकटपट्टीनं झाकलेलं,
घामानं पट्टी सुटतेय.
काठावर मात्र अख्खी पेठ, तेलाचे डबे बडवत.

तीन गोल मारले आम्ही.
कुणी उठलं नाही.
डबे आणखी जोरात वाजले.

नंतर युनूस पिंजारींनी त्यातलाच एक डबा फिरवला,
पुढच्या सामन्याच्या चुन्यासाठी.
आमच्या सुपडूनं नजर चुकवून पन्नासची नोट टाकली:
“तुम्ही नसले तं आम्ही हरवू कोनाले?”

युनूसभाईंनी नोट उजेडात धरून पाहिली.
म्हणाले, “पावती लई जाय.”