भरती

आमच्या हमरापुरात कुणी एकटंच हसलं
की म्हणायचे, ठाण्याला न्या याला.
मी सातवीत चिंचेशी तासभर बोलले,
तर आत्यानं एसटीचं भाडं काढून दाखवलं होतं.

म्हणून यादी लागली, कळव्याचं कॉलेज मिळालं,
तेव्हा अख्ख्या आळीनं पेढे खाताना तोच विनोद केला:
झाली बाई केतकी ठाण्याला भरती.
बाबाही हसले. हातात कुंचला होता,
समोर साडेतीनशे गणपती, अजून डोळे नसलेले.

पहिल्या वर्षी मार्चमध्ये मी अकरा रात्री झोपले नाही.
भिंतीवर मज्जातंतू काढले, आधी खडूनं, मग नेलपॉलिशनं.
सहा स्टेथोस्कोप मागवले बाबांच्या कार्डावर.
वॉर्डनला म्हटलं, मला हाडं ऐकू येतात.
मग एप्रिल.
एप्रिलमध्ये एक बादली होती,
ती उचलून न्हाणीपर्यंत न्यायची होती.

शमीम तडवीनं मला रिक्षात घातलं.
आपल्या ओपीडीत नको, म्हणाली, तिथं आपलीच पोरं बसतात.
खाडीपूल ओलांडला.
केसपेपरवर व्यवसाय मी रिकामा सोडला,
तिनं लिहिलं, विद्यार्थिनी. पेन इतकं दाबून
की खालच्या कागदावरही उमटलं.

हेही एक मीठच असतं, गुणेबाई म्हणाल्या, गोळी दाखवत.
पाणी पीत राहा, जेवणातलं मीठ सोडू नका.
म्हटलं, आजोबांचं मिठागर होतं आमच्या.
मग जमेल, म्हणाल्या.

फार्माकॉलॉजीच्या व्हायव्हात चिठ्ठी उचलली, निघालं लिथियम.
दुष्परिणाम?
तहान, म्हटलं. बाटली टेबलाखाली होती, अर्धी संपलेली.
वजन. थायरॉइड. तोंडात धातूची चव.
हात थरथरणं, बारीक.
बारीक म्हणजे?
सुईत दोरा ओवताना कळतं, सर. एरवी नाही.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. माझे हात मांडीवर होते.
रक्तातली पातळी?
पॉइंट सहा ते एक.
माझी मंगळवारी पॉइंट सात होती,
ते त्यांनी विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षी पोस्टिंग लागली, ठाण्याला. त्याच ठाण्याला.
गेटवर वॉचमन म्हणाला, कुणाला भेटायचंय?
अॅप्रन पिशवीत होता.
बायकांच्या वॉर्डात एक जण केस विंचरत बसलेली,
तिनं सरकून जागा दिली.
कधी आलीस?
आज.
सोडणार कधी?
चार वाजता.
नशीबवान आहेस, म्हणाली, आणि फणी माझ्याकडे केली.
मी घेतली. इतर मुलं हिस्टरी लिहून घेत होती.
माझा त्या दिवसाचा कागद कोराच राहिला,
सरांनी लाल शाईनं गोल केला त्यावर.

सलाइन लावायला शिकवतात तेव्हा शीर सापडते,
हातच सापडत नाही.
दोनदा चुकले. सिस्टर म्हणाली, व्हा बाजूला, डॉक्टर.
रात्री फोन केला. बाबा, डोळे आखताना
तुमचा हात हलत नाही?
हलतो की.
मग?
करंगळी टेकवायची गालावर. देव काही म्हणत नाही.
पुढे काही बोलले नाहीत. मागं कंप्रेसर चालू होता,
रंगाचा असावा.
गोळ्या घेतेस ना, हे त्यांनी फोन ठेवल्यावर
मेसेजमध्ये विचारलं.

काल मुंब्र्याच्या एका आजोबांच्या मनगटावर करंगळी टेकवली.
हात गार आहे गं तुझा, म्हणाले,
आणि नळीत रक्त आलं, काळसर, पटकन.

नऊची गोळी घेतली आहे. वर दोन ग्लास पाणी.
खाडी आटलेली, खारफुटीची मुळं उघडी,
चिखलाचा वास पार तिसऱ्या मजल्यापर्यंत.
शमीम पुस्तकातून मान न काढता म्हणते,
खिडकी लाव.
थांब थोडी, म्हटलं.
पाणी चढू दे.